वर्कशीट बनवायला शिकताय? आधी स्पेसबारवरचा अंगठा उचला

वर्ड शिकायचं म्हणून बसलं की बहुतेक शिक्षक वरच्या पट्टीपासून सुरुवात करतात, आधी होममधलं प्रत्येक बटण, मग इन्सर्ट, मग डिझाइन, आणि तिसऱ्या टॅबवर पोचेपर्यंत पहिल्यातलं निम्मं विसरून झालेलं असतं. असं करूच नका. उद्या वर्गात जी वर्कशीट द्यायचीय ती आधी कागदावर पेन्सिलने ढोबळ काढा, नाव कुठे, सूचना कुठे, प्रश्न किती, मुलांना लिहायला जागा किती, आणि तेवढं एक पान तयार करायला जे लागतं तेवढंच शिका. पुढच्या पानाला आणखी एकदोन गोष्टी लागतील, त्या तेव्हा.

आणि एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा, प्रिंट छान आली म्हणजे फाइल चांगली झाली असं अजिबात नाही. पुढच्या वर्षी तीच फाइल उघडून चार प्रश्न बदलले, एक काढला, तर बाकी पान जागच्या जागी राहतं का, ही खरी परीक्षा. स्पेस मारून मारून जुळवलेलं पान प्रिंटला सुंदर दिसतं आणि एक शब्द बदलला की पत्त्याच्या बंगल्यासारखं कोसळतं, मग माणूस वैतागून परत पहिल्यापासून टाइप करत बसतो. खालचं सगळं हे टाळण्यासाठीच आहे.

सॉफ्टवेअर कुठलं यावर फार वेळ घालवू नका. वर्ड असेल तर वर्ड, नसेल तर लिब्रे ऑफिस रायटर फुकट आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे चालतं, नाहीतर ब्राउझरमध्ये गुगल डॉक्स आहेच. मी वर्ड धरून लिहितोय, बाकीच्यांत नावं आणि जागा थोड्या इकडेतिकडे असतात, आणि एकदोन गोष्टी डॉक्समध्ये मिळतच नाहीत.

मराठी टायपिंगचं आधी निस्तरा

जुन्या फाइली कृतिदेव वगैरे बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये असतील (युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी पद्धत) तर त्यांचा मोह सोडा. त्या फाइलीत आत सगळी इंग्रजी अक्षरंच असतात, फॉन्ट फक्त वरून देवनागरीचा मुखवटा चढवतो, म्हणून ज्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नाही तिथे उघडलं की नुसती गिचमीड दिसते आणि त्यात मराठी शब्द शोधायला गेलात तर सापडत नाही. नवीन काम युनिकोडमध्येच करा. विंडोजच्या सेटिंगमध्ये भाषा म्हणून मराठी जोडली की कीबोर्ड मिळतो, 'मराठी' नावाचा असतो तो इन्स्क्रिप्ट, आणि विंडोज १० च्या २०१९ च्या अपडेटपासून 'मराठी फोनेटिक' पण आलाय, त्यात इंग्रजी स्पेलिंगसारखं टाइप केलं की मराठी उमटतं. विंडोज बटण आणि स्पेस एकत्र दाबलं की इंग्रजी-मराठी बदलतं.

माझं मत विचाराल तर इन्स्क्रिप्ट शिका. सुरुवातीला चिडचिड होते, पण स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला अशी त्याची मांडणी आहे, ती एकदा बसली की हात आपोआप चालतात आणि 'श' की 'ष', 'ण' की 'न' यासाठी पर्यायांच्या यादीत शोधत बसावं लागत नाही. घाई असेल तर गुगल डॉक्समध्ये टूल्समध्ये व्हॉइस टायपिंग आहे, क्रोममध्ये उघडा, भाषा मराठी निवडा आणि बोला, मोठा उतारा पटकन उतरतो. विरामचिन्हं मात्र नंतर हाताने घाला आणि जोडाक्षरं नीट तपासा, मुलांच्या हातात जाणार आहे ते.

आता एक भानगड जी कोणी सांगत नाही. वर्ड देवनागरीला कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट मानतं आणि तिचा फॉन्ट नि साइज इंग्रजीपेक्षा वेगळा ठेवतं. त्यामुळे कधीकधी होतं काय, तुम्ही फॉन्ट बदलता, इंग्रजी शब्द बदलतात आणि मराठी ढिम्म. अशा वेळी मजकूर सिलेक्ट करून कंट्रोल + डी दाबा, जी खिडकी उघडेल त्यात लॅटिन टेक्स्टचा एक कप्पा आणि कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्सचा दुसरा कप्पा दिसेल, मराठीसाठी दुसऱ्यात फॉन्ट आणि साइज द्या. रायटरमध्ये यालाच कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट म्हणतात आणि ते ऑप्शन्समध्ये भाषांच्या भागात जाऊन चालू करावं लागतं.

फॉन्टचं म्हणाल तर निर्मला यूआय विंडोजबरोबर येतो, मराठी भाषा जोडली की मंगलही येतो, नोटो सान्स देवनागरी फुकट मिळतो. नव्याने वाचायला शिकणाऱ्या मुलांसाठी साइज २० च्या खाली जाऊ नका, मोठ्यांना १४ पुरतो. वेलांट्या-उकार कापले गेलेले दिसले तर फॉन्टला दोष देण्याआधी पॅराग्राफच्या सेटिंगमध्ये लाइन स्पेसिंग 'एक्झॅक्टली' वर आहे का बघा, असेल तर 'मल्टिपल' करून १.२ वगैरे द्या.

स्पेस आणि एंटर ही मांडणीची हत्यारं नाहीत

होममध्ये पॅराग्राफच्या भागात एक उलट्या पी सारखं चिन्ह असतं (कंट्रोल + शिफ्ट + ८ नेही चालू होतं). ते चालू करा आणि तुमची एखादी जुनी फाइल उघडून बघा. प्रत्येक स्पेस एक ठिपका म्हणून दिसेल आणि प्रत्येक एंटर त्या चिन्हासारखा. शीर्षकाआधी वीस ठिपके, पानाच्या शेवटी बारा एंटर, असं काही दिसलं तर घाबरू नका, बहुतेकांच्या फाइली अशाच असतात, पण आता ते थांबवायचं. शीर्षक मधे आणायला कंट्रोल + ई. नवीन पान हवं तर कंट्रोल + एंटर. दोन प्रश्नांमध्ये अंतर हवं तर पॅराग्राफमध्ये 'आफ्टर' समोर ६ किंवा १२ पॉइंट. आणि एकाच प्रश्नात पुढच्या ओळीवर जायचंय पण नवीन नंबर नकोय तर शिफ्ट + एंटर, हे शेवटचं एक कळलं तरी निम्म्या कटकटी संपतात.

नाव आणि हजेरी क्रमांकाची ओळ घ्या, प्रत्येक वर्कशीटवर असते. लोक अंडरस्कोर दाबून धरतात, मग ओळ पुढे सांडते, मग चार अंडरस्कोर खोडतात. त्यापेक्षा असं करा. पान ए४ (२१० × २९७ मिमी) आणि डावी-उजवी मार्जिन २-२ सेंमी धरली तर मजकुराला १७ सेंमी रुंदी मिळते. त्या ओळीवर कर्सर ठेवून पॅराग्राफच्या खिडकीतून टॅब्स उघडा, पहिला टॅब ११ सेंमीवर डावा आणि लीडरमध्ये (टॅबची मोकळी जागा कशाने भरायची ते) सलग खालच्या रेघेचा पर्याय निवडून सेट दाबा, दुसरा १७ सेंमीवर उजवा, लीडर तोच, सेट, ओके. आता टाइप करा 'नाव:' मग टॅब, मग 'हजेरी क्रमांक:' मग टॅब. रेघा आपोआप बरोबर तिथपर्यंतच ओढल्या जातात आणि 'नाव' खोडून 'विद्यार्थ्याचे पूर्ण नाव' केलं तरी शेवट हलत नाही. हे एकदा केलं की ती ओळ जपून ठेवा, इन्सर्टमध्ये क्विक पार्ट्स आहे, ओळ सिलेक्ट करून तिथे सेव्ह केली की पुढे कुठल्याही फाइलीत दोन क्लिकमध्ये येते.

नंबरिंगबद्दल थोडंसं. '१.' टाइप करून स्पेस दिली की कधी वर्ड स्वतःच यादी सुरू करतं आणि लोक चिडतात. चिडायची गरज नाही, लगेच कंट्रोल + झेड एकदा दाबलं की फक्त तो आगाऊपणा मागे जातो, तुमचं टायपिंग राहतं. पण प्रश्नांना खरं ऑटोमॅटिक नंबरिंगच वापरा, कारण मधला एक प्रश्न काढला की बाकीचे नंबर स्वतः सरकतात. दुसरा विभाग परत १ पासून हवा असेल तर नंबरवर राइट क्लिक आणि 'रीस्टार्ट ॲट १'.

टेबल हे खरं कामाचं जनावर

शिक्षकाने वर्डमधली एकच गोष्ट खोलात शिकायची तर ती टेबल. जोड्या लावा, बहुपर्यायी प्रश्न, लिहायच्या रेघा, शब्दकोडं, फ्लॅशकार्ड, वेळापत्रक, सगळं टेबलमध्येच होतं, फक्त बॉर्डर दाखवायची की नाही एवढाच फरक.

बहुपर्यायी प्रश्नाचे चार पर्याय एका ओळीत हवेत तर एक ओळ चार कॉलमचं टेबल घाला, पर्याय भरा आणि 'नो बॉर्डर' करा. स्क्रीनवर घरं दिसेनाशी झाली की गोंधळ होतो म्हणून टेबलच्या लेआउट टॅबमध्ये 'व्ह्यू ग्रिडलाइन्स' चालू ठेवा, त्या तुटक रेघा प्रिंटमध्ये येत नाहीत. पर्याय लांबलचक असतील तर दोन बाय दोन करा. प्रश्न पानाच्या तळाला आणि पर्याय पुढच्या पानावर असा घोळ होऊ नये म्हणून प्रश्नाच्या ओळीवर पॅराग्राफमध्ये 'कीप विथ नेक्स्ट' ला टिक करा, आणि टेबलच्या प्रॉपर्टीत ओळ दोन पानांत तुटू द्यायची टिक काढून टाका.

लिहायच्या रेघांसाठी एका कॉलमचं दहा ओळींचं टेबल, ओळीची उंची 'एक्झॅक्टली' १ सेंमी, बॉर्डर फक्त आडव्या. मोठ्या मुलांना ०.८ करा. रेघा समान अंतरावर येतात आणि अजून हव्या असतील तर शेवटच्या घरात टॅब दाबला की नवीन ओळ तयार.

फ्लॅशकार्ड जरा निवांत करा, कारण त्यात एक गंमत आहे. चारी बाजूंनी मार्जिन १.५ सेंमी ठेवा, दोन कॉलम चार ओळींचं टेबल घ्या, ओळीची उंची एक्झॅक्टली ६.५ सेंमी, म्हणजे एकूण २६ सेंमी, ए४ वर बसतं. टेबलच्या ऑप्शन्समध्ये मजकुराप्रमाणे आपोआप आकार बदलायची टिक काढा, नाहीतर एखादा लांब शब्द आला की कार्ड फुगतं. समोरच्या बाजूला शब्द, मागच्या पानावर अर्थ किंवा उत्तर. आता मागचं पान भरताना डावा-उजवा कॉलम उलटा भरायचा, कारण कागद लांब कडेवरून उलटला की डावीकडचं उजवीकडे जातं. पुढे डाव्या घरात 'अंश' असेल तर त्याची व्याख्या मागच्या पानावर उजव्या घरात हवी. आधी एकच प्रत काढा, उजेडासमोर धरून पाठपोट जुळतंय का बघा आणि मगच वर्गापुरत्या काढा. आणि हो, टेबल संपलं की शेवटी एक कोरं पान चिकटून बसतं आणि काही केल्या डिलीट होत नाही, त्याचं कारण टेबलनंतर वर्डला एक रिकामा पॅराग्राफ लागतोच, तो पानात मावत नाही. त्या रिकाम्या ओळीचा फॉन्ट साइज १ करा, आधी-नंतरचं अंतर शून्य करा, पान गायब.

एकच उतारा, दोन प्रती

रिकाम्या जागा भरा बनवताना लोक उत्तर खोडून तिथे रेघ टाइप करतात आणि उत्तरपत्रिका वेगळी हाताने लिहितात. त्याची गरज नाही. समजा उतारा आहे: 'सूर्याच्या उष्णतेने पाण्याचे बाष्पीभवन होते. बाष्प वर जाऊन थंड झाले की त्याचे संघनन होते आणि ढग तयार होतात.' यातले 'बाष्पीभवन' आणि 'संघनन' हे शब्द पिवळ्या हायलाइटने रंगवा. ही झाली तुमची उत्तरांची प्रत, सेव्ह करा. मग एफ१२ दाबून दुसऱ्या नावाने सेव्ह करा, कंट्रोल + एच उघडा, 'फाइंड व्हॉट' मध्ये काहीच न लिहिता खाली 'मोअर', 'फॉरमॅट', 'हायलाइट' निवडा, 'रिप्लेस विथ' मध्ये दहाबारा अंडरस्कोर द्या आणि 'रिप्लेस ऑल'. रंगवलेल्या प्रत्येक शब्दाच्या जागी रेघ येते, सगळ्या सारख्या लांबीच्या, म्हणजे रेघेच्या लांबीवरून मुलं उत्तर ताडू शकत नाहीत. रेघांवर पिवळा रंग राहील, सगळं सिलेक्ट करून हायलाइट 'नो कलर' करा. दोन शेजारचे शब्द रंगवले तर दोघांची मिळून एकच रेघ होते, तेही लक्षात ठेवा.

शब्द पूर्ण रंगवा. 'ढगांमध्ये' मधलं फक्त 'ढगां' रंगवलं तर मुलांना रेघेपुढे लोंबकळणारं 'मध्ये' दिसतं आणि उत्तरात 'ढग' लिहायचं की 'ढगां' यावर वर्गात दहा मिनिटं जातात. आणि शेजारच्या शब्दांनी उत्तर फोडलं नाही ना तेही बघा, वरच्या उताऱ्यात 'बाष्प' दिसतंय तिथे हुशार पोरगं 'बाष्पीभवन' तिथूनच उचलणार. तसं नको असेल तर दुसऱ्या वाक्यात बाष्प बदलून 'वाफ' करा (मग पुढचं 'झाले' पण 'झाली' आणि 'त्याचे' पण 'तिचे' होईल, ते विसरू नका).

प्रश्नांच्या वर्कशीटसाठी मला याहून आवडती युक्ती म्हणजे हिडन टेक्स्ट. प्रत्येक प्रश्नाखाली उत्तर तिथेच लिहा, ते सिलेक्ट करून कंट्रोल + शिफ्ट + एच, झालं लपलं. वर सांगितलेलं उलट्या पी चं चिन्ह चालू असेल तर तुम्हाला स्क्रीनवर ठिपक्यांच्या अधोरेषेसह दिसत राहतं, बंद केलं की गायब. प्रिंट काढताना फाइल, ऑप्शन्स, डिस्प्ले इथे 'प्रिंट हिडन टेक्स्ट' ला टिक केली तर उत्तरांसकट, काढली तर उत्तरांशिवाय. एकच फाइल, दोन प्रती, आणि प्रश्न बदलला की उत्तर तिथल्या तिथे बदलायची आठवण होते. फक्त ही वर्ड फाइल मुलांना किंवा पालकांच्या ग्रुपवर पाठवू नका, पाचवीतलं पोर पण ते चिन्ह दाबून बघेल. टिक काढा, पीडीएफ करा, पीडीएफ उघडून शेवटच्या पानापर्यंत डोळ्याखालून घाला, मग पाठवा.

बाकीचं पटापट

चित्र घातलं की मजकूर इकडेतिकडे पळतो, त्यावर सगळ्यात सोपा उपाय चित्राची मांडणी 'इन लाइन विथ टेक्स्ट' ठेवायची आणि चित्र टेबलच्या घरात टाकायचं, हलायचा प्रश्नच नाही. 'स्क्वेअर' वगैरे नंतर शिका. आकृत्या स्वतः काढत असाल तर शिफ्ट दाबून ओढलं की वर्तुळ खरंच गोल येतं आणि रेघ सरळ, आणि सगळे तुकडे जुळले की ग्रुप करून टाका.

गणितवाल्यांनी अपूर्णांक तिरक्या रेघेने लिहू नका, मुलं वहीत तसं लिहीत नाहीत. ऑल्ट आणि बरोबरचं चिन्ह एकत्र दाबा, समीकरणाची चौकट येईल, त्यात इंग्रजी अंकांत 3/4 टाइप करून स्पेस दिली की वर तीन खाली चार असा नीट अपूर्णांक होतो. तिथे देवनागरी अंक चालवायचा हट्ट धरू नका. देवनागरीच हवेत तर शिफ्ट + एंटरने एका घरात दोन ओळी करून मधे रेघ देण्यापेक्षा दोन ओळींचं छोटं टेबल बरं, मधली बॉर्डर तेवढी ठेवायची.

अक्षर गिरवायला ठिपक्यांचा फॉन्ट शोधत फिरू नका, मोठ्या साइजचं अक्षर फिकट राखाडी रंगात छापलं की काम होतं. झेरॉक्स काढणार असाल तर राखाडी थोडा गडद ठेवा, मशीनवर अवलंबून आहे पण अगदी फिकट असेल तर उडून जातो, आणि रंगीत पार्श्वभूमी मात्र काळपट डाग होऊन उतरते, म्हणून वर्कशीटवर शेडिंग शक्यतो नकोच.

मुलांची नावं घातलेली प्रमाणपत्रं किंवा बाकावरच्या नावाच्या पाट्या करायच्या असतील तर मेलिंग्जमध्ये मेल मर्ज आहे. एक्सेलमध्ये पहिल्या ओळीत कॉलमची नावं, खाली मुलांची यादी, वर्डमध्ये एक नमुना, आणि सगळ्या मुलांच्या पाट्या एकदम तयार. पहिल्यांदा अर्धा तास जातो, पण चाळीस नावं हाताने पेस्ट करण्यात त्याहून जास्त जातो आणि एखाद्याचं आडनाव हमखास चुकतं.

सेव्ह करताना दोन गोष्टी. तुमचं शीर्षक-नाव-सूचना बसवलेलं कोरं पान 'वर्ड टेम्पलेट' म्हणून सेव्ह करा, त्यावर डबल क्लिक केलं की दर वेळी नवीन फाइल उघडते, मूळ खराब होत नाही. आणि फाइलीला 'वर्कशीट नवीन फायनल २' असलं नाव देऊ नका, इयत्ता, विषय, घटक आणि वर्ष घाला, '६ विज्ञान जलचक्र २०२५' असं. दुसऱ्या शिक्षकाला द्यायची असेल तर बदलायला वर्ड फाइल आणि सोबत पीडीएफ, दोन्ही द्या, म्हणजे त्यांच्याकडे फॉन्ट वेगळा निघून पान हललं तरी मूळ कसं दिसत होतं ते त्यांना कळेल.